भर उजेडात नजर अंधुक का होते? : कारणे, तपासणी आणि धोक्याच्या खुणा

नवी दिल्ली : उजेड वाढला की दिसणे अधिक स्पष्ट व्हावे, हा निरोगी डोळ्यांचा नियम आहे. काही व्यक्तींच्या बाबतीत तो उलटा होतो. घरात वर्तमानपत्र सहज वाचणारी व्यक्ती अंगणात आली की समोरच्याचा चेहरा ओळखू शकत नाही. संध्याकाळी मोकळेपणाने खेळणारे मूल दुपारी त्याच मैदानावर चेंडू शोधत राहते. प्रखर प्रकाशात नजरेची तीक्ष्णता कमी होण्याच्या या लक्षणाला मराठीत दिवांधत्व म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत त्यासाठी ‘हेमेरॅलोपिया’ हा शब्द आहे.

दिवांधत्व हा स्वतंत्र आजार नाही. त्यामागे साध्या मोतीबिंदूपासून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतील अडथळ्यापर्यंत अनेक कारणे असू शकतात. अडचण अशी, की नजर तपासण्याचा नेहमीचा तक्ता बहुतेक ठिकाणी मंद प्रकाशाच्या खोलीत वाचून घेतला जातो. रुग्णाला त्रास होतो उन्हात आणि तपासणी होते सावलीत. त्यामुळे तक्त्यावरील शेवटची ओळ वाचणाऱ्या रुग्णाची तक्रार खरी असूनही नोंदवली जात नाही आणि निदान लांबते.

शब्दाचा गोंधळ, लक्षणाची जुनी ओळख

रातांधळेपणा सर्वांना परिचित आहे. त्याच्या उलट असलेल्या या लक्षणाची नोंदही जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे वर्णन करताना दिवसा न दिसणाऱ्या व रात्री दिसणाऱ्या दृष्टीला ‘पित्तविदग्ध दृष्टी’ असे नाव दिले आहे. आजच्या एखाद्या विशिष्ट रोगाशी तिची सरळ जोडी लावता येत नसली, तरी लक्षण स्पष्टपणे वेगळे काढलेले आहे. युरोपीय भाषांत मात्र या शब्दाने बराच गोंधळ घातला. इंग्रजी वैद्यकात ‘हेमेरॅलोपिया’ म्हणजे दिवांधत्व, तर फ्रेंच भाषेत त्याच शब्दाचा अर्थ रातांधळेपणा असा होतो. जुने संदर्भ वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. प्रकाश सहन न होणे आणि प्रकाशात कमी दिसणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. पहिल्यात डोळे दुखतात, मिटून घ्यावेसे वाटतात, पाणी येते. दुसऱ्यात वेदना नसतानाही समोरचे चित्र पुसट होते. काही विकारांत दोन्ही लक्षणे एकत्र आढळतात. अंधाऱ्या चित्रपटगृहातून दुपारी बाहेर पडल्यावर काही क्षण दिपल्यासारखे होते, ते मात्र या दोन्हींत मोडत नाही. डोळा प्रकाशाशी जुळवून घेत असल्याची ती सामान्य खूण आहे.

निरोगी डोळा प्रकाश कसा हाताळतो

उजळलेल्या कार्यालयात साधारण ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. हा प्रचंड फरक डोळा दोन पातळ्यांवर पेलतो.

पहिली पातळी बाहुलीची. अंधारात सुमारे ८ मिलिमीटरपर्यंत रुंदावणारी बाहुली उन्हात २ मिलिमीटरपर्यंत आकसते. त्यामुळे आत जाणारा प्रकाश सुमारे सोळा पटींनी कमी होतो. शिवाय लहान छिद्रातून आलेले किरण अधिक नेमके केंद्रित होतात. चष्म्याचा थोडा नंबर असलेल्या व्यक्तीलाही उन्हात बरे दिसते, ते यामुळे.

दुसरी पातळी दृष्टिपटलाची. डोळ्याच्या मागील या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडपेशी मंद प्रकाशात काम करतात आणि प्रखर प्रकाशात निष्प्रभ ठरतात. दिवसाची नजर, बारकावे आणि रंग यांची जबाबदारी शंकुपेशींवर असते. त्यांची संख्या सुमारे ६० लाख असून पीतबिंदू या मध्यभागी त्यांची सर्वाधिक दाटी असते. म्हणजे दिवसा स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याचा पुढचा मार्ग स्वच्छ, बाहुली हलती, शंकुपेशी कार्यक्षम आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा पुरेसा हवा. यांपैकी एकात बिघाड झाला, तरी प्रखर प्रकाशात नजर उणावू शकते.

मोतीबिंदू : सर्वांत मोठे कारण

उतारवयात आढळणारे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू होय. नेत्रभिंग गढूळ झाले की त्यातून जाणारा प्रकाश सरळ न जाता विखुरतो. धुके पडलेल्या काचेवर ऊन पडले की काचेपलीकडचे दिसेनासे होते, तसाच हा प्रकार आहे. विखुरलेला प्रकाश दृष्टिपटलावर पसरतो आणि मूळ चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा फरक पुसून टाकतो. रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांनी रस्ता दिसेनासा होणे हेही याच विखुरण्याचे फळ आहे.

मोतीबिंदूचा एक प्रकार येथे विशेष उल्लेखनीय आहे. त्यात गढूळपणा नेत्रभिंगाच्या मागील आवरणालगत, नेमका मध्यभागी येतो. मंद प्रकाशात बाहुली रुंद असताना डागाच्या कडेने प्रकाश आत शिरतो आणि नजर बरी राहते. उन्हात बाहुली आकसली की उरलेली सारी वाट त्या डागातूनच जाते. डाग आकाराने छोटा असला, तरी अशा रुग्णाला दुपारी फारसे दिसत नाही. तो चाळिशीच्या आतही उद्भवू शकतो. मधुमेह, डोळ्याच्या आतील दाह, किरणोत्सर्ग आणि स्टिरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

देशातील राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार (२०१५-१९) पन्नाशी ओलांडलेल्यांमधील ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू असून त्याअंतर्गत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया विनामूल्य केल्या जातात. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा, मगच शस्त्रक्रिया करावी’ हा जुना समज आता लागू नाही. उन्हात काम करणाऱ्या शेतकऱ्याचे किंवा वाहनचालकाचे दैनंदिन काम अडत असेल, तर तक्त्यावरील नजर फारशी घटलेली नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. त्यासाठी ही अडचण डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उन्हात पुन्हा अंधुक दिसू लागल्यास मोतीबिंदू परत आला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात कृत्रिम भिंगामागील मूळ आवरण गढूळ झालेले असते. लेझरने काही मिनिटांत त्यात वाट करून देता येते.

कॉर्निया आणि डोळ्याचा पृष्ठभाग

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जुन्या जखमेचा व्रण, सूज, कोरडेपणा किंवा आकारातील बिघाड यांमुळे त्यावर पडणारा प्रकाश विखुरतो. उपरोक्त सर्वेक्षणात कॉर्नियावरील अपारदर्शकता हे मोतीबिंदूखालोखाल, ७.४ टक्के अंधत्वाचे कारण ठरले. शेतीकामात उसाचे पाते, भाताचे तूस किंवा काडी डोळ्याला लागून जंतुसंसर्ग होतो. त्यातही बुरशीचा संसर्ग उष्ण प्रदेशात अधिक दिसतो. डोळा लाल होणे, ठणकणे, उजेड न सोसणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपाय करण्यात गेलेला दिवस कायमच्या डागाला कारणीभूत ठरू शकतो.

शाळकरी वयातील मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, ऋतुमानानुसार बळावणारी डोळ्यांची ॲलर्जी उष्ण व कोरड्या हवामानात बरीच आढळते. डोळ्यांना प्रचंड खाज येते, चिकट स्राव येतो आणि मूल उन्हात डोळे उघडत नाही. स्टिरॉइडयुक्त थेंबांनी आराम झटपट पडतो. त्यामुळे एकदा लिहून दिलेली बाटली पालक औषध दुकानातून पुन्हा पुन्हा आणतात. देखरेखीविना महिनोन् महिने घातलेल्या या थेंबांनी मोतीबिंदू आणि काचबिंदू असे दोन्ही विकार होऊ शकतात. खाज थांबते, पण काचबिंदूने गेलेली नजर परत मिळत नाही. सतत डोळे चोळण्याचा संबंध कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराशीही जोडला जातो. त्यात दिव्यांभोवती वलये दिसतात आणि चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो.

अतिनील किरणांनी कॉर्निया अक्षरशः भाजतो. संरक्षक काच न वापरता वेल्डिंग करणाऱ्या किंवा ते जवळून पाहणाऱ्या व्यक्तीला काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. हिमांधता हा त्याचाच प्रकार आहे. ताजे हिम सुमारे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परावर्तित करते, तर कोरडी वाळू सुमारे १५ टक्के. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे या किरणांचे प्रमाण साधारण १० टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हिमालयातील जवान, गिर्यारोहक आणि यात्रेकरू यांना योग्य गॉगल अत्यावश्यक असतो. एक-दोन दिवसांत हा त्रास बहुधा ओसरतो.

बाहुली आकसत नसेल तर

डोळ्याच्या तपासणीसाठी घातलेल्या थेंबांनी बाहुली काही तास रुंद राहते आणि उन्हात दिपून जायला होते. ॲट्रोपिनसारख्या औषधाचा परिणाम आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. ॲट्रोपिन व तत्सम द्रव्ये धोत्र्यातही असतात. तण काढताना धोत्र्याचा रस हाताला लागला आणि तोच हात डोळ्याला लागला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडात धूसर दिसते. डोळ्याला मार लागणे किंवा डोळ्याकडे येणाऱ्या चेतातंतूवर दाब येणे यांमुळेही असे घडते. एक बाहुली अचानक मोठी झाली आणि सोबत तीव्र डोकेदुखी असेल, किंवा पापणी खाली आली असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

बाहुलीभोवतीचे रंगीत वर्तुळ काही बालकांत जन्मतःच अपुरे असते. वर्णकहीनतेत, म्हणजे ज्याला सामान्य बोलीत कोड समजण्याची चूक होते त्या जन्मजात अवस्थेत, या वर्तुळात रंगद्रव्य कमी असल्याने प्रकाश त्यातून आरपार शिरतो. शिवाय पीतबिंदूची वाढ अपुरी असल्याने नजर मुळातच कमी असते आणि बुबुळे सतत हलत राहतात.

शंकुपेशींचे विकार

खऱ्या अर्थाने दिवांधत्व ज्याला म्हणता येईल, ते शंकुपेशींच्या विकारांत दिसते. ॲक्रोमॅटोप्सिया या जन्मजात आनुवंशिक विकारात शंकुपेशी जवळजवळ काम करीत नाहीत. संपूर्ण भार दंडपेशींवर पडतो आणि त्या उजेडात निष्प्रभ होतात. रंग ओळखता येत नाहीत, नजर साधारण ६/६० च्या आसपास राहते. म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसणारे अक्षर अशा व्यक्तीला ६ मीटरवर यावे लागते. दुपारी तर तेवढेही दिसत नाही. संध्याकाळी मात्र ही मुले अधिक आत्मविश्वासाने वावरतात.

जगात साधारण तीस हजारांत एकाला हा विकार असतो. प्रशांत महासागरातील पिंगेलॅप बेटावर मात्र तो लोकसंख्येच्या ४ ते १० टक्क्यांमध्ये आढळतो. १७७५ च्या सुमारास आलेल्या चक्रीवादळानंतर या बेटावर जेमतेम वीस माणसे उरली. त्यांपैकी एकाकडे असलेले सदोष जनुक आपसांतील विवाहांमुळे पुढील पिढ्यांत पसरले. चेतारोगतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी १९९० च्या दशकात या बेटाला भेट देऊन तेथील रंगांध लोकांवर पुस्तक लिहिले. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले, तरच हा विकार प्रकट होतो. दक्षिण भारतात मामा-भाचीचे आणि महाराष्ट्रासह काही राज्यांत आते-मामे भावंडांचे विवाह होतात. अशा कुटुंबांत मुलाला उजेडात दिसत नसल्यास आनुवंशिक सल्ला घेणे उपयुक्त ठरते.

शंकुपेशींचा ऱ्हास काहींत जन्मानंतर, पौगंडावस्थेत किंवा प्रौढपणीही सुरू होतो. उन्हात अंधुक दिसणे आणि रंग फिके वाटणे ही त्याची पहिली चाहूल असते. प्रारंभी दृष्टिपटल तपासणीत जवळजवळ निरोगी दिसू शकते. त्यामुळे अशा मुलांवर ‘अभ्यास टाळतो’, ‘ढोंग करतो’ असे शिक्के बसतात.

वाढत्या वयात पीतबिंदूची झीज झाल्यास प्रखर प्रकाशानंतर नजर सावरण्यास लागणारा वेळ वाढतो. निरोगी डोळा साधारण मिनिटभरात सावरतो. येथे त्याला कितीतरी अधिक वेळ लागू शकतो. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यानेही पीतबिंदूला इजा होते. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नसल्याने इजा होत असताना ती कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिशाली लेझर दिव्यांपासूनही हाच धोका आहे.

कारण डोळ्याबाहेरचे असते तेव्हा

उन्हात गेल्यावर एका डोळ्याची नजर काही मिनिटे फिकी पडणे आणि सावलीत आल्यावर पूर्ववत होणे, ही तक्रार उतारवयातील व्यक्तींनी कधीही दुर्लक्षू नये. मानेतील कॅरोटिड धमनी अतिशय अरुंद झाली की दृष्टिपटलाला रक्त कमी पडते. प्रखर प्रकाशात खर्च झालेले दृष्टिरंजक द्रव्य त्याला वेळेत भरून काढता येत नाही. हीच धमनी मेंदूलाही रक्त पुरवते. त्यामुळे डोळ्याची ही तक्रार पक्षाघाताची पूर्वसूचना ठरू शकते. मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून निदान करता येते.

हृदयविकारावरील डिगॉक्सिन हे औषध रक्तात प्रमाणाबाहेर साचल्यास प्रकाश झगझगीत वाटतो आणि वस्तू पिवळसर दिसतात. मिथेनॉलमिश्रित विषारी दारू प्यायल्यानंतर काही तासांनी हिमवर्षावातून पाहावे तसे पांढुरके, धूसर दिसू लागते. ही प्राणघातक आणीबाणी असते. अर्धशिशीत उजेड नकोसा होतो. त्यासोबत ताप व मान ताठरणे असेल, तर मेंदूच्या आवरणाच्या दाहाची शंका घ्यावी लागते.

निदान कसे होते

नजरेचा सर्वपरिचित तक्ता डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ठळक काळी अक्षरे वाचता येणे हा त्याचा निकष आहे. उन्हातील नजर मोजणे हा त्याचा हेतू नव्हता. म्हणून उजेडात कमी दिसण्याची तक्रार असल्यास डोळ्यावर नियंत्रित प्रखर प्रकाश टाकून तक्ता पुन्हा वाचून घेतला जातो. दोन वाचनांतील फरक हेच तक्रारीचे मोजमाप ठरते.

सूक्ष्मछिद्र चाचणीही साधी आणि उपयुक्त आहे. बारीक छिद्रातून पाहिल्यावर नजर सुधारली, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा असतो. ती अधिकच बिघडली, तर मध्यभागी आलेल्या मोतीबिंदूची किंवा पीतबिंदूच्या विकाराची शक्यता वाढते. त्यानंतर स्लिट लॅम्पखाली कॉर्निया व भिंग, थेंब घालून दृष्टिपटल आणि गरजेनुसार ओसीटी छायाचित्रण केले जाते. शंकुपेशींची शंका असल्यास रंगदृष्टी चाचणी आणि दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाची नोंद, म्हणजे ईआरजी, निर्णायक ठरते.

उपचार आणि दैनंदिन सोय

मोतीबिंदू, ॲलर्जी, कोरडेपणा आणि जंतुसंसर्ग यांवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. शंकुपेशींच्या आनुवंशिक विकारांवर जनुकीय उपचारांचे संशोधन सुरू आहे. तूर्त भर नजरेचा उपयोग वाढवण्यावर असतो. गडद लालसर काचांचे चष्मे, रुंद काठाची टोपी, छत्री, वर्गात खिडकीकडे पाठ करून बसण्याची व्यवस्था आणि मोठ्या अक्षरांतील साहित्य यांनी मुलाचे शिक्षण सुरळीत होऊ शकते.

गॉगल निवडताना काचेच्या काळेपणापेक्षा अतिनील किरणे अडवण्याची क्षमता पाहावी. केवळ गडद काचेमागे बाहुली रुंदावते आणि न अडवलेली किरणे अधिक प्रमाणात आत शिरतात. रात्री वाहन चालवताना रंगीत काचा टाळाव्यात.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टी ठरवण्यासाठी दृष्टितीक्ष्णता आणि दृष्टिक्षेत्र हे दोन निकष आहेत. प्रकाशानुसार बदलणाऱ्या नजरेचा त्या व्याख्येत उल्लेख नाही. म्हणून प्रमाणपत्रासाठी जाताना उजेडातील तपासणीचा आणि ईआरजीचा अहवाल सोबत असणे हिताचे ठरते.

तातडीच्या खुणा

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी :

– लाल, दुखरा डोळा आणि उजेड सहन न होणे. विशेषतः डोळ्याला काडी, पाते किंवा धातूचा कण लागल्यानंतर.

– एका डोळ्याची नजर काही मिनिटे जाऊन परत येणे.

– अचानक मोठी झालेली एक बाहुली किंवा नजरेच्या मध्यभागी डाग.

– मद्यप्राशनानंतर धूसर, पांढुरके दिसणे.

– तान्हे बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेत असेल, डोळ्यांतून पाणी येत असेल आणि बुबुळे मोठी किंवा धुरकट दिसत असतील. मोठे, टपोरे डोळे म्हणून ज्याचे कौतुक होते, तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास नजर वाचते.

तातडीची चिन्हे नसतानाही उजेडातील अंधुकपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. तपासणीच्या वेळी ‘कमी दिसते’ एवढेच न सांगता ते कोणत्या प्रकाशात, एका डोळ्याने की दोन्ही डोळ्यांनी, किती वेळ कमी दिसते आणि कोणती औषधे सुरू आहेत, हे डॉक्टरांना सांगावे. खोलीतील तक्ता ज्या कारणापर्यंत पोहोचत नाही, तेथपर्यंत ही माहिती पोहोचवते.